प्रस्ताव मागवू नका, माणसं शोधा

प्रति,
माननीय विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर
आणि मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे माननीय जिल्हाधिकारी यांना खुले पत्र

विषय : पुरस्कार आणि सत्कारासाठी साध्या माणसांची निवड करण्याबाबत

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर, माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, निराधारच्या फायली हे रोजचं काम. वर्षातून दोन-तीनदा मात्र वेगळं गिऱ्हाईक येतं. कडक इस्त्रीचे कपडे, काखेत जाड फाईल आणि पहिलं वाक्य ठरलेलं : "जरा वजनदार प्रस्ताव करून द्या, यंदा नाव निघालंच पाहिजे." आदर्श शिक्षक असो, आदर्श सरपंच असो, समाजभूषण असो की जीवनगौरव, फाईल एकाच वळणाची. परिचयपत्र, कार्याचा अहवाल, पेपरातली कात्रणं, कार्यक्रमांचे रंगीत फोटो, आमदारांचं शिफारसपत्र, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, चारित्र्याचा दाखला. तीन प्रती, स्पायरल बायंडिंग, वर पारदर्शक कव्हर. यातून मला चार पैसे चांगले सुटतात, म्हणजे तक्रार करायचा हक्क तसा मला कमीच. तरी लिहितो आहे, कारण माझ्या टेबलावरून जे दिसतं ते तुमच्या टेबलापर्यंत पोचत नसावं.

ज्यानं काम केलं तोच स्वतःचा प्रस्ताव घेऊन येतो. आपल्या धाडसाचं, आपल्या दयेचं, आपल्या सेवेचं वर्णन तोच सांगतो आणि मी टाइप करतो. "सदर व्यक्ती अत्यंत निःस्वार्थी व प्रसिद्धीपराङ्मुख असून" हे वाक्य ती सदर व्यक्तीच समोरच्या स्टुलावर बसून मला सांगत असते. यातल्या बऱ्याच जणांनी खरोखर काम केलेलं असतं, त्यांची टिंगल मला करायची नाही. मागितल्याशिवाय मिळतच नाही अशी रीत पडली, तर ते तरी काय करणार? पण ज्यांना मागणं जमत नाही, किंवा मागायचं असतं हे ज्यांच्या डोक्यातही येत नाही, अशी माणसंही याच दुकानात येतात. आधारकार्डाची झेरॉक्स काढतात, दोन रुपये ठेवतात आणि निघून जातात.

त्यातला एक विहिरीत उतरणारा आहे.

वडार वस्तीवर राहतो, चाळिशी उलटलेली. आमच्याकडच्या जुन्या विहिरी दहा-बारा परस (पुरुषभर उंचीचं माप) खोल. कोणी पाय घसरून पडतं, कोणी उडी टाकतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे तुमच्याच कार्यालयात असतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. पोलिसांना फोन जातो आणि पोलीस फोन करतात याला. याची सामग्री घरची : लोखंडी गळ, जाड नाडा, चारही कोपऱ्यांना दोर बांधायला एक जुनी बाज. बरेच दिवस न उपसलेली विहीर असली तर आधी कंदील पेटवून दोरीनं खाली सोडतो. कंदील विझला तर खाली हवा खराब आहे, मग थांबतो. नाही विझला तर उतरतो. गळाला काही लागलं नाही तर बुडी मारून हातानं चाचपतो. प्रेत बाजेवर घेतो, आवळून बांधतो, खालून हाळी देतो आणि वरचे चौघे ओढतात. काठावर तोवर अख्खं गाव जमलेलं असतं, नाकाला रुमाल लावून. वर आल्यावर कोणीतरी त्याच्या हातावर पन्नासाची नोट टेकवतं आणि "आंघोळ करून ये" म्हणून सांगतं. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या पंचक्रोशीतल्या जवळपास सगळ्या विहिरींचा तळ त्यानं पाहिला आहे.

जिवंत माणसंही त्यानं काढली आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, पाझर तलावावर बैल धुवायला गेलेल्या एका पोराच्या मनगटाला कासऱ्याचा फास बसला. बैल बुजला आणि पोराला घेऊन खोल पाण्यात शिरला. काठावर मोठी माणसं होती, ओरडत होती. हा पलीकडे दगड फोडत होता. विळा दातात धरून पाण्यात शिरला, कासरा कापला आणि पोराला केसाला धरून बाहेर आणलं. पोराच्या पोटातलं पाणी काढायलाही तोच होता. पोरगं आज दहावीला आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. ग्रामस्थांनी प्रसंगावधान राखून मुलाला वाचवलं, असं त्यात होतं. पोलिसांच्या कागदात मयताच्या बाबतीत हेच असतं : ग्रामस्थांच्या मदतीने प्रेत बाहेर काढण्यात आले. असे पंचनामे मी शेकड्यानं झेरॉक्स केले आहेत. विहिरीचा घेर लिहिलेला असतो, पाण्याची पातळी लिहिलेली असते, मयताच्या अंगावरच्या कपड्यांचे रंग लिहिलेले असतात. खाली उतरलेल्या माणसाचं नाव नसतं. पंच म्हणून ज्यांनी काठावरून पाहिलं त्यांची नावं वडिलांच्या नावासकट, वय, धंदा आणि सहीसह असतात.

आता यात तुमचा संबंध कुठे येतो ते सांगतो. बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला, विजेचा धक्का बसलेल्याला, अपघातात अडकलेल्याला जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्यांसाठी १९६१ पासून केंद्र सरकारची जीवन रक्षा पदकं आहेत. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा अशा तीन श्रेणी. सैन्यातच असावं लागतं, शिक्षण असावं लागतं, अशी काही अट नाही. विहिरीत उतरणाऱ्या वडाराला ते पदक मिळू शकतं. पण त्यासाठी जिल्ह्यातून राज्याकडे आणि राज्यातून दिल्लीकडे प्रस्ताव जावा लागतो, तोही घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. ते पोरगं पाण्यात बुडालं तेव्हा सहावीत होतं. म्हणजे मुदत टळून गेली. गावात कोणाला हे पदक माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांच्या फाईलला नाव नव्हतं. नावच नाही तर प्रस्ताव कोणाचा करणार?

म्हणून पहिली विनंती अगदी छोटी आहे, तिला रुपयाचाही खर्च नाही. पोलीस अधीक्षकांना सांगून पंचनाम्यात आणि स्टेशन डायरीत, ज्यानं वाचवलं किंवा बाहेर काढलं त्याचं पूर्ण नाव आणि गाव लिहायला लावा. पूर, आग, वीज, अपघात, सगळीकडे. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा, गोदावरी, मांजरा आणि सीना एकदमच पात्राबाहेर आल्या. बचाव पथकं आली, हेलिकॉप्टरही आली, त्या जवानांचे उपकार आहेतच. पण पथकाची बोट गावात पोचेपर्यंतचे पाच-सहा तास ट्रॅक्टरच्या ट्यूबा, खाटा आणि कासरे घेऊन जी पोरं पाण्यात होती, त्यांची यादी कोणत्या तहसीलमध्ये आहे? किती हेक्टर सोयाबीन गेलं याची यादी आहे. ती हवीच. किती जनावरं वाहून गेली याचीही आहे. कोणी कोणाला वाचवलं याला मात्र रकाना नाही. तो रकाना तुम्ही एका पत्रानं करू शकता.

दुसरी आहे एक आजी. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, जमीन मुरमाड, पाऊस गेला की गावाला काम नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रका येऊन उभ्या राहतात. उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. बिऱ्हाड चढतं, निम्मं गाव सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात जातं, ते थेट गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं. लेकरांचं काय करायचं हा प्रश्न दरवर्षी नव्यानं पडतो. सोबत नेलं तर शाळा बुडते. मागं ठेवलं तर कोणाच्या जिवावर? सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती कधी सुरू होतील आणि कोणत्या गावाला मिळतील याचा नेम नसतो, आणि ट्रक काही थांबत नाही.

ही आजी आपल्या दोन नातवंडांसोबत शेजारपाजारची लेकरं सांभाळते. एखाद्या साली सात-आठ होतात. कोणी येताना ज्वारीचं पोतं टाकून जातं, कोणी पुढच्या साली देतो म्हणतं. रात्री एकच लांबलचक वाकळ अंथरली जाते. पोरी भिंतीकडनं, पोरं अलीकडं आणि दाराच्या उंबऱ्याला टेकून ती स्वतः. आठच्या सुमाराला फडावरून फोन येतात. ती फोन स्पीकरवर टाकते आणि ज्याच्या आईचा फोन त्याला पुढं बसवते, बाकीचे गप्प. मोठ्या पोरींना ती एकटीदुकटी पाण्याला पाठवत नाही. यामागचं कारण तिला कोणी शिकवलेलं नाही. तेरा-चौदाची पोरगी फडावर नेली की आईबापाला घोर लागतो आणि त्या घोरापायी लग्न उरकून टाकतात, हे तिनं तिच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन पोरींच्या आयांना तिनं ट्रकजवळ अडवून सांगितलं होतं, "ठेव माझ्यापाशी, पाडव्याला जशीच्या तशी घेऊन जा." त्यातली एक आता नर्सिंगला आहे.

मी एकदा आपणहून तिच्यासाठी एका सरकारी पुरस्काराचा अर्ज काढला आणि पहिल्याच पानावर अडकलो. संस्थेचे नाव. नोंदणी क्रमांक. स्थापना वर्ष. मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. आजीची संस्था म्हणजे ती वाकळ. तिचं ऑडिट कोण करणार?

तिला मी विचारलं होतं, सत्कार झाला तर येशील का? ती म्हणाली, "मला काय करायचंय त्येचं? शाल काय उन्हाळ्यात पांघरू? त्यापरीस पोरांचं राशन इथं मिळंना, तेवढं बगा." मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. रेशनकार्डावर नावं सगळ्या घराची. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा लागतो तो घरातल्या माणसाचा आणि ती माणसं फडावर. तिकडं धान्य उचललं तर इथली लेकरं उपाशी, नाही उचललं तर इथं ते पडून. तिच्या अंगठ्यावर शेजाऱ्याच्या लेकराचं धान्य मिळत नाही. तुम्ही सन्मान करायला निघालात तर तिच्यासाठी हाच सन्मान. अशा सांभाळणाऱ्या बायकांची हंगामापुरती नोंद घ्या आणि त्या लेकरांच्या वाट्याचं पाच-पाच किलो धान्य त्यांच्या हाती पडेल अशी काही सोय बसवा. तुमच्या पुरवठा अधिकाऱ्यांना वाट नक्की सापडेल. त्याहून अवघड वाटा त्यांना सापडलेल्या मी पाहिल्या आहेत.

कागद असेल तोच खरा, या रिवाजानं मराठवाड्याचं आधीच पुष्कळ नुकसान केलं आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. आपण १७ सप्टेंबर १९४८ ला. मधले तेरा महिने निजामाच्या राजवटीत आणि रझाकारांच्या दहशतीत गेले. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव शाळेतल्या पोरांना पाठ आहे. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी रझाकारांशी शस्त्र घेऊन सामना केला, हेही आता लोकांना माहीत व्हायला लागलं आहे. पण सरहद्दीवरच्या कॅम्पांतून रात्री-बेरात्री येणाऱ्या कार्यकर्त्यांना ज्यांनी भाकरी बांधून दिली, कडब्याच्या गंजीत लपवलं आणि सकाळी रझाकारांचा मार खाऊनही तोंड उघडलं नाही, त्यांच्यापाशी तुरुंगाचा दाखला कुठून असणार? पुढे पेन्शनी सुरू झाल्या तेव्हा कागद मागितले गेले. कागद ज्यांना जमवता आले त्यांनी जमवले. आमच्या बीड जिल्ह्यातलं बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायमूर्तींचा आयोग बसला आणि कितीतरी दावे खोटे निघाले. कार्याची फाईल आणि कार्य यांची गल्लत झाली की काय होतं, हे आम्हाला दुसऱ्या कोणी सांगायला नको. दर १७ सप्टेंबरला संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी पुष्पचक्र वाहिलं जातं, तालुक्या-तालुक्यांत झेंडावंदन होतं, त्याच मांडवात दुपारी सत्कार होतात. त्या सत्कारांच्या याद्या आजही त्याच पद्धतीनं बनतात, म्हणून एवढं मागचं उकरलं.

रस्त्यावरच्या मदतीचं कोडं जरा वेगळं आहे. धुळे-सोलापूर महामार्गावर, राष्ट्रीय महामार्ग ५२ वर, आमच्या बाजूला एक पंक्चरवाला आहे. रात्री ट्रक-मोटारसायकलचा आवाज झाला की दुकान उघडं टाकून पळतो. दोन बांबूंना गोणपाट शिवून त्यानं स्ट्रेचर केलेलं आहे. जखमीला त्यावर घेतो, मिळेल त्या टेम्पोत घालतो, दवाखान्याच्या दारात सोडतो आणि नाव न सांगता परत येतो. मुद्दाम सांगत नाही. पंचनाम्यात नाव आलं की कोर्टाच्या तारखा मागं लागतात, ही त्याच्या बापाच्या वेळची भीती. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, हे आता कायद्यात आहे. शिवाय पहिल्या तासाभरात गंभीर जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यासाठी केंद्राचं बक्षीस आहे. २०२१ मध्ये ते ५,००० रुपये होतं, आता ‘राह-वीर’ या नावानं २५,००० आहे. त्यासाठीची समिती जिल्हा पातळीवरच असते आणि तीत जिल्हाधिकारी असतात. म्हणजे तुम्हीच.

पंक्चरवाल्याला मी हे सगळं वाचून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, पोलीस ठाण्यात जाऊन "मी वाचवलं, मला चिठ्ठी द्या" असं कोण म्हणणार? खरं आहे. ती चिठ्ठी त्याच्यापर्यंत चालत गेली पाहिजे. दवाखान्यातल्या डॉक्टरनं किंवा हवालदारानं त्याला विचारायचं, "नाव सांगायचं का? सांगितलंस तर बक्षीस आहे, नाही सांगितलंस तरी चहा पिऊन जा." वर्षभरात किती ठाण्यांतून अशी पत्रं आली याचा तुम्ही आढावा बैठकीत एकदा हिशेब विचारलात, की पुढच्या महिन्यात पत्रं यायला लागतील. सरकारी खात्याचा माझा अनुभव असा आहे की साहेब जे विचारतात ते होतं.

काही जण म्हणतील, खरं काम करणाऱ्याला पुरस्काराची हाव नसते. हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांच्या घरातली शोकेस ढालींनी भरलेली होती. हाव नसते हे कबूल. पण विहिरीत उतरणाऱ्याला गमबूट, हातमोजे, कमरेचा पट्टा आणि अपघात विमा नको असतो असं थोडंच आहे? त्याच्या पोराला शाळेत "प्रेतं काढणाऱ्याचा" म्हणून चिडवतात. जिल्हाधिकाऱ्यांनी झेंड्याखाली त्याच्या बापाचा हात हातात घेतला तर त्या चिडवण्यात फरक पडेल की नाही, ते करून पाहिल्याशिवाय कसं कळणार? आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. ज्या कामांना हिंमत लागते आणि घाणही लागते, ती आपल्याकडे ठरावीक वस्त्यांच्याच वाट्याला आली आहेत. त्यांनी केलं की ते त्यांचं कामच होतं असं आपण धरतो. दुसऱ्या कोणी केलं की ते धाडस. निवड समितीत बसणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी यादीचा चेहरा बदलेल.

शोधलं तर माणूस सापडतो, हे आमच्याच जिल्ह्यानं पाहिलं आहे. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर मामू. घरची परिस्थिती बेताची, पाऊस नेहमी रुसलेला आणि दारात शंभरावर गाई-गुरं, कसायाला न विकता सांभाळलेली. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा जिल्ह्यातल्याही कित्येकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. पद्म पुरस्कारासाठी आता कोणीही कोणाचंही नाव राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर सुचवू शकतं, कार्याची माहिती ८०० शब्दांत बसवायची असते. स्वतःचं नाव स्वतः सुचवायलाही मुभा आहे आणि माझ्या दुकानात या मुभेचा वापर जोरात आहे. धाडसी मुलांसाठी प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार आहे, पाच ते अठरा वयाच्या मुलांना, अलीकडे २६ डिसेंबरला दिला जातो. आमच्या शाळा-केंद्रातल्या मुख्याध्यापकांना त्याची शेवटची तारीख विचारून पाहा. त्यांचा दोष नाही, त्यांना पोषण आहाराची माहिती भरण्यातून डोकं वर काढता येत नाही. आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या देशातल्या आशा स्वयंसेविकांना जागतिक पातळीवरचा सन्मान दिला, तेव्हा आमच्या गावच्या आशाताईंना ते माझ्या दुकानातल्या पेपरावरून कळलं. "मग मानधन वाढलं का?" असं त्यांनी विचारलं, झेरॉक्स घेतली आणि लसीकरणाला गेल्या.

मग शोधायचं कसं? १५ ऑगस्टला प्रत्येक गावात ग्रामसभा असते. तिच्या विषयपत्रिकेत एकच प्रश्न घालायला लावा : गेल्या वर्षभरात आपल्या गावात कोणी कोणाच्या उपयोगाला आलं? नाव सुचवताना एक अट. स्वतःचं नाही, घरातल्याचं नाही आणि ज्याला मदत झाली त्यानं किंवा त्याच्या घरच्यानं उभं राहून सांगायचं. यात राजकारण शिरणार हे मला चांगलं ठाऊक आहे. सरपंचाच्या मेव्हण्याला एकदम जनसेवेची आठवण होईल. २०२३ पासून अहिल्यादेवी जयंतीला, ३१ मे रोजी, ग्रामपंचायतीत महिलांचे सन्मान होतात. कल्पना चांगली होती, पण काही गावांत ते सदस्यांच्या घरातच फिरले हे मी प्रमाणपत्रं छापताना आडनावांवरून पाहिलं आहे. म्हणून गावानं सुचवलेल्या नावाची खातरजमा गावाबाहेरच्या माणसानं करावी. नायब तहसीलदारांना न कळवता मोटारसायकलवर पाठवा. त्यांनी चावडीत बसू नये. वस्तीवर जावं, तांड्यावर जावं, पारध्यांच्या पालावर जावं, किराणा दुकानात उभं राहावं. आशाताईला, एसटीच्या कंडक्टरला, दुधवाल्याला विचारावं. अर्ध्या तासात खरं-खोटं बाहेर पडतं. गावाला सगळं माहीत असतं. विचारायला कोणी येत नाही, एवढंच.

नाव ठरलं की त्या माणसाला आधी विचारा. त्याला नको असेल तर तो विषय तिथंच सोडा. हवं असेल तर त्याचा दिवस मोडणार आहे, हे लक्षात घ्या. चारशे-पाचशेची मजुरी बुडवून तो सकाळी आठला येऊन बसतो, पाहुणे दीडला येतात, भाषणं होतात, तोवर त्याच्या घशाला कोरड पडते. मग बारा-बारा जणांना रांगेत उभं करून एका मिनिटात उरकतात, फोटोत तर पुढारीच मावतात. यापेक्षा सत्कार आधी घ्या आणि भाषणं नंतर. आणायला-सोडायला तहसीलची जीप द्या. मजुरी भरून द्या. फेटा बांधा, त्याला मी कधीच नको म्हणणार नाही, फेटा माणसाला शोभतो.

मानपत्राबद्दल मात्र माझं ऐकाच, कारण तो माझा धंदा आहे. ती मीच छापतो. आदल्या रात्री अकराला ऑर्डर येते, मजकूर सगळ्यांना एकच असतो : आपण केलेल्या उल्लेखनीय कार्याबद्दल हा गौरव. नावाची जागा मोकळी सोडायला सांगतात, सकाळी स्केचपेननं नाव भरतात. दहा वर्षांनी ते मानपत्र पाहून त्या माणसानं काय केलं होतं ते त्याच्या नातवालाही कळणार नाही. त्याऐवजी असं लिहा :

"खांदेमळणीच्या दिवशी पाझर तलावात बैलाने ओढून नेलेल्या मुलाला यांनी विळ्याने कासरा कापून बाहेर काढले. मुलगा वाचला. त्याआधी आणि त्यानंतरही पोलिसांनी बोलावले तेव्हा हे विहिरीत उतरले. गाव यांचे देणे लागते."

खाली त्याचं पूर्ण नाव, गाव, तारीख, तुमची सही. एवढं पुरे. महिरप मी फुकट घालून देईन.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेपासून १७ सप्टेंबरपर्यंत महिना-सव्वा महिना मिळतो. नायब तहसीलदारांच्या मोटारसायकलला तेवढा पुरेसा आहे. माझ्याकडून माझ्यापुरती सोय मी आजपासून केली आहे. दुसऱ्याच्या कामाचा प्रस्ताव घेऊन जो कोणी येईल, त्याच्याकडून टायपिंगचे आणि झेरॉक्सचे पैसे घेतले जाणार नाहीत, अशी पाटी दुकानावर लावली आहे. स्वतःचा घेऊन येणाऱ्यांना नेहमीचा दर लागू राहील.

कळावे,

आपला,
एक झेरॉक्सवाला,
तहसील कचेरीसमोर, बीड जिल्हा